परवान्याचं छोटं हत्यार निवडताना: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पायरीपायरीने

परवाना मंजूर झाल्याचा फोन आला की बहुतेक जण त्याच रात्री मोबाइलवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघायला बसतात. ते व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यात .४५ ची छोटी पिस्तुलं, बोटभर जाडीची नऊ एमएम, शर्टाखाली लपणारी होल्स्टर (हत्यार ठेवायची पट्ट्यावरची खोळ) आणि 'थांबवण्याची ताकद' यावरची लांबलचक चर्चा असते. मग माणूस मनात एक हत्यार पक्कं करून दुकानात जातो. दुकानदार परवाना मागतो, वाचतो, आणि पुढची पंधरा मिनिटं दोघांचीही वाया जातात.

चूक क्रमाची आहे. परवाना, काडतूस, हात, कपडे आणि शेवटी हत्यार हा क्रम ठेवला तर निम्मे प्रश्न दुकानात जाण्याआधीच सुटतात. उलटा क्रम धरला की लाखभर रुपयांचं हत्यार कपाटात पडून राहतं किंवा त्याहून वाईट, गैरसोयीमुळे बेफिकिरीने वापरलं जातं. हा लेख परवाना मिळालेल्यांसाठी किंवा अगदी मिळण्याच्या बेतात असलेल्यांसाठी आहे.

पायरी १: परवाना ओळन् ओळ वाचा

आधी बघा, तुमचं परवाना प्राधिकरण कोणतं. आपल्याकडे हा घोळ नेहमी होतो. ठाणे, कळवा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग ठाणे पोलिस आयुक्तालयात येतो. ऐरोली ठाण्याला चिकटून असली तरी ती नवी मुंबई आयुक्तालयात. वाशी, नेरूळ, पनवेल, उरणही तिथेच. घोडबंदर रोडने पुढे काशिमीऱ्यात गेलात की २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालय सुरू होतं. शहापूर-मुरबाडकडच्या ग्रामीण भागात हे काम जिल्हा दंडाधिकारी बघतात. घर बदललं असेल तर हत्यार घेण्याआधी पत्ता दुरुस्त करून घ्या. खरेदीनंतरची नोंद, नूतनीकरण, काडतुसांची वाढ, सगळं त्याच कार्यालयातून होणार आहे.

मग परवान्यावरच्या पुढच्या गोष्टी:

हत्याराचा प्रकार. 'रिव्हॉल्वर/पिस्तूल, अप्रतिबंधित बोअर' असं असेल तर तेवढंच. (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास; त्याचे गट पायरी २ मध्ये.) फक्त 'रिव्हॉल्वर' लिहिलं असेल आणि तुम्हाला पिस्तूल हवं असेल, तर बदल आधी करून घ्यायचा. खरेदी त्यानंतर.

क्षेत्र. महाराष्ट्रापुरता आहे की भारतभर? दर महिन्याला सुरत-वापीला जाणाऱ्या व्यापाऱ्याने हे न बघता हत्यार घेतलं की पहिल्याच फेरीत अडचण.

काडतुसांची संख्या. एका वेळी किती बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत.

मुदत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना ५ वर्षांचा असतो, आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात. वडिलांची बाराबोअर आधीच तुमच्या नावावर असेल तर ती यात मोजली जाते.

आणि अटी. मागच्या पानावरचं बारीक अक्षर कोणी वाचत नाही, पण खरा मजकूर तिथेच असतो. विशेष परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही. ठाण्यात राहून याचा अर्थ काय होतो बघा. टेंभीनाक्याची दहीहंडी नाही, नवरात्रातली तिथली गर्दी नाही, गणपती विसर्जन नाही, मुलाच्या शाळेतलं स्नेहसंमेलनही नाही.

> तपासा: परवान्याची एक प्रत काढून प्रकार, क्षेत्र, काडतुसांची संख्या, मुदत आणि अटी या पाच जागी खूण करा. दुकानात ही प्रत सोबत असू द्या.

पायरी २: मोठ्या कॅलिबरचा हट्ट आधीच तपासून घ्या

'छोटं पण दणकट' ही मागणी समजण्यासारखी आहे. पण तिच्या वाटेत दोन भिंती आहेत. एक कायद्याची, दुसरी शरीराची.

कायद्याची आधी. शस्त्र कायद्यानुसार बोअरचे दोन मोठे गट पडतात, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित. पोलिस आणि लष्कराचं नऊ एमएमचं सर्व्हिस काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते पिस्तूल प्रतिबंधित गटात. .३८० आणि .४५५ चं रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कडा असलेलं) काडतूस घेणारी जुनी लष्करी रिव्हॉल्वरही तिथेच. अशा हत्यारासाठी कलम ७ खाली केंद्र सरकारची खास परवानगी लागते. आयुक्तालयाचा साधा परवाना चालत नाही. २०१९ नंतर परवानगीशिवाय प्रतिबंधित हत्यार बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षांची आहे. 'मिळून जाईल, कागद नंतर बघू' असं म्हणणाऱ्याच्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडा.

इतर कोणत्याही मोठ्या बोअरबद्दल, .४५ धरून, दुकानदाराचा तोंडी होकार पुरेसा नाही. काडतुसाचं पूर्ण नाव लिहून परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या आणि मगच बयाणा द्या.

आता शरीराची भिंत. आकडे कारखान्यातल्या पूर्ण लांबीच्या नळीचे आणि ढोबळ आहेत. .४५ एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २५५ मीटर. नऊ एमएमची गोळी साडेसात ग्रॅमची, वेग ३६० मीटरच्या आसपास. ऊर्जा काढली तर दोन्हींची जवळपास सारखीच येते, ४८० ज्यूलच्या घरात. .३२ एसीपीची गोळी ४.६ ग्रॅमची, वेग २७५ मीटर, ऊर्जा १७५ ज्यूलपर्यंत. म्हणजे ताकदीत .३२ मागे आहे, यात वाद नाही.

पण गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर हाताला बसणारा धक्का ठरतो, आणि .४५ चा तो गुणाकार .३२ च्या तिप्पट आहे. मोठ्या पिस्तुलात त्यातला काही भाग हत्याराचं वजन पचवतं. छोट्यात वजन कमी, पकड तोकडी, करंगळीला जागा नाही, दोन्ही निशाणपट्ट्यांमधलं अंतर कमी. नळी आखूड असल्याने वेगही घटतो आणि तोंडाशी भडका व आवाज वाढतो. म्हणजे मोठ्या कॅलिबरचा काही फायदा छोट्या आकारातच गळून जातो आणि तोटे मात्र सगळे उरतात. अमेरिकेत जिथे ही पिस्तुलं सर्रास मिळतात तिथेही ती नीट वापरू पाहणाऱ्यांना भरपूर काडतुसं झाडून हात बसवावा लागतो. आपल्याकडे वर्षाची काडतुसं परवान्यावर मोजून लिहिलेली असतात. सरावाशिवाय मोठा धक्का पेलत नाही आणि सरावाला काडतुसं नाहीत, हा पेच कोणत्याही ब्रँडने सुटत नाही.

शिवाय आपली वस्ती बघा. नौपाड्यातल्या जुन्या इमारती, जिप्समच्या पार्टिशनची ऑफिसं, एपीएमसीतले एकमेकांना खेटलेले गाळे. चुकलेली गोळी कोणाच्या तरी भिंतीत, नाहीतर कोणाच्या तरी अंगात जाणार.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या परवान्यात मोठं कॅलिबर निर्विवाद बसतं आणि ज्याच्याकडे सरावाची सोय आहे, त्यानेच त्याचा विचार करावा. बाकीच्यांनी बत्तीस बोअरमध्ये नीट निवड करावी.

पायरी ३: काडतूस ठरवा

'बत्तीस बोअर' म्हटलं की एकच गोष्ट असं अनेकांना वाटतं. इथेच पैसे बुडतात.

.३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस. त्यालाच ७.६५ एमएम म्हणतात. केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, १७ मिलीमीटरचं. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे रिव्हॉल्वरचं काडतूस. ते लांब असतं, त्याला स्पष्ट रिम असते, आणि त्याची गोळी साधारण ६.३ ग्रॅमची, जड पण संथ. आपल्याकडची बहुतेक देशी बत्तीस बोअर रिव्हॉल्वर याच लाँग काडतुसाची आहेत, तर सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल एसीपीचं. दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखी असल्याने एकाचं काडतूस दुसऱ्यात 'बसतंय की' असं वाटू शकतं. तो प्रयोग करू नका. हत्यारावर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव सारखंच हवं.

म्हणून हत्यार बघण्याआधी दोन-तीन दुकानांत फक्त काडतुसांची चौकशी करा. कोणतं नियमित येतं? देशी की परदेशी? भाव काय? जुन्या परदेशी पिस्तुलाच्या प्रेमात पडलेला माणूस काडतुसांसाठी वर्षभर हेलपाटे घालतो, असं होता कामा नये.

बावीस बोअरबद्दल थोडक्यात. इशापूर रायफल फॅक्टरीचं 'निडर' हे २५० ग्रॅम वजनाचं रिव्हॉल्वर खिशाला आणि हाताला हलकं आहे. पण बावीसच्या काडतुसात ठिणगी रिमवर बसते आणि ते दगा देण्याचं प्रमाण मधोमध ठिणगी घेणाऱ्या काडतुसांपेक्षा जास्त असतं. रोजच्या संरक्षणासाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. ज्यांच्या मनगटाला बत्तीस झेपतच नाही त्यांच्यासाठी ठीक.

> सावधान: जुनी, हिरवट बुरशी चढलेली किंवा 'मित्राने दिलेली' काडतुसं घेऊ नका. परवान्यावर नोंद नसलेलं एक काडतूसही गुन्हा ठरतं.

पायरी ४: रिव्हॉल्वर की पिस्तूल

यावर लोक तावातावाने भांडतात. मला दोनच कसोट्या महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, सराव किती होणार? वर्षातून एक-दोनदाच रेंजवर जाणार असाल तर रिव्हॉल्वर. काडतूस नाही पेटलं तर चाप पुन्हा ओढला की फिरत्या सिलिंडरमधलं काडतुसाचं पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी), स्लाइड (वरचा सरकणारा भाग), चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा), सेफ्टी (सुरक्षेचा खटका) या चार गोष्टी बोटांना अंधारातही कळल्या पाहिजेत आणि अडकलेलं काडतूस काढायची सवय हवी.

दुसरी, पाचही बोटांत जोर किती? छोट्या बत्तीस पिस्तुलांत बहुधा स्प्रिंगच्या जोरावर स्लाइड मागे-पुढे होते, त्यामुळे स्प्रिंग कडक असते. संधिवात असलेल्या हाताला ती ओढताना घाम फुटतो. रिव्हॉल्वरमध्ये स्लाइड नाही, पण घोडा न चढवता चाप ओढायला चांगला चार-पाच किलोचा जोर लागू शकतो. दोन्ही करून बघितल्याशिवाय ठरवू नका.

जाडीत पिस्तूल जिंकतं. सहा घरांचा सिलिंडर कमरेला फुगवटा देतोच.

पायरी ५: आकाराचे आकडे घरीच मांडा

लपवायला अवघड काय जातं? नळी, असं वाटतं. खरं तर नळी पँटच्या आत जाते. बाहेर उरते ती मूठ, आणि वाकल्यावर शर्टातून तीच उमटते. त्यामुळे मुठीची लांबी आधी, मग जाडी, मग भरलेल्या हत्याराचं वजन, आणि नळी सगळ्यात शेवटी बघा.

नवीन देशी हत्यारांपैकी दोन उदाहरणं. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्वर २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, घरं ६, आणि त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या जवळ. 'प्रबल' रिव्हॉल्वर २०२३ मध्ये आलं. नळी ७६ मिलीमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलीमीटर, काडतुसांशिवाय वजन ७०० ग्रॅम. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, आधीच्यांसारखं अख्खं हत्यार मधून दुमडून उघडावं लागत नाही. याशिवाय वेब्ली अँड स्कॉटचं नाव असलेली बत्तीस रिव्हॉल्वर आता उत्तर प्रदेशात हरदोईला बनतात.

५०० आणि ७०० मध्ये काय घ्यावं? कागदावर हलकं बरं वाटतं. पण तेच काडतूस हलक्या हत्यारातून जास्त उसळतं आणि दुसरी गोळी निशाणावर यायला वेळ लागतो. दिवसभर बसून काम करणाऱ्याला ७०० ग्रॅम जड नाही. महापे एमआयडीसीत शेडमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्याला ते संध्याकाळी जाणवेल.

परदेशी पिस्तुलांचं काय? साध्या परवान्यावर नवीन परदेशी पिस्तूल मागवता येत नाही. बाजारात फिरतात ती पूर्वी आलेली आणि हातबदल होत आलेली. त्यांचे भाव देशीच्या कितीतरी पट असतात, आणि त्यातला बराचसा भाव नावाचा असतो.

> तपासा: हत्याराच्या लांबी-उंचीचा पुठ्ठा कापा. त्याच जाडीचा लाकडी तुकडा त्याला चिकटवा आणि होल्स्टरच्या जागी पट्ट्यात खोचून दोन दिवस घरात, गाडीत, जेवताना वावरून बघा. पुठ्ठा बाहेर घेऊन फिरू नका. लांबून तो हत्यारच दिसतो.

पायरी ६: दुकानातली तपासणी

हत्यार हातात घेताच ते रिकामं आहे का बघायचं. दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरी.

पिस्तुलाचा क्रम: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळीने चाचपा. अनेक जण उलटं करतात. आधी स्लाइड ओढतात, चेंबरमधलं काडतूस उडतं, स्लाइड सोडताच मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत जातं, मग ते मॅगझिन काढतात आणि हत्यार रिकामं समजून चाप ओढतात. 'रिकाम्या' पिस्तुलातून गोळी सुटल्याच्या बातम्यांमागे बऱ्याचदा हाच क्रम असतो. रिव्हॉल्वर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं मोजा.

रिकामं आहे याची खात्री झाल्यावर:

पकड. मुठीचा वरचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पूर्ण बसला पाहिजे. हत्यार मनगटाच्या सरळ रेषेत यायला हवं. चापापर्यंत बोटाचं पहिलं पेर सहज पोहोचतंय का? त्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते हत्यार तुमचं नाही.

चाप. परवानगी घेऊन दहा-बारा वेळा रिकामा ओढा. शेवटच्या ओढींना निशाणपट्टी थरथरत असेल तर चाप तुमच्या बोटाला जड आहे. बावीस बोअर मात्र रिकामं झाडू नका, ठोक (काडतुसाला मारणारी पिन) नळीच्या कडेवर बसून इजा होते.

निशाणपट्टी. भिंतीवरच्या एका बिंदूकडे डोळे मिटून हत्यार रोखा, मग डोळे उघडा. पट्टी बिंदूच्या जवळपास असेल तर पकड नैसर्गिक आहे.

सुरक्षा. घोड्यावर आघात झाला तर ठोक काडतुसापर्यंत पोहोचू नये अशी आडकाठी यात आहे का, हे स्पष्ट विचारा आणि माहितीपत्रकात बघा. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये ती नसेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवूनच बाळगायचं.

दुकानदार घाई करू लागला तर दुसऱ्या दिवशी या.

> सावधान: 'नळी कापून छोटी करून देतो' असं कोणी म्हटलं तर नको. परवान्याशिवाय नळी आखूड करणं कलम ६ खाली गुन्हा आहे.

पायरी ७: वापरलेलं हत्यार घेत असाल तर

वापरलेलं वाईट नसतं. निवृत्त माणसाचं, वर्षातून एकदा तेल लावलेलं रिव्हॉल्वर नव्यापेक्षा बरं निघू शकतं. पण पारखता येणारा डोळा हवा.

सिलिंडर बंद करून मागे-पुढे ढकला. जाणवण्याइतका खेळ नको. घोडा हळू चढवा आणि प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट अडकतं का ते सगळ्या घरांसाठी बघा. एखादं घर थोडं आधी थांबत असेल तर गोळी नळीच्या कडेला घासून जाते. नळीत बारीक टॉर्चने पाहा. मध्येच अंगठीसारखं काळं वर्तुळ दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगली आहे. पिस्तूल असेल तर जादा मॅगझिन मिळतंय का विचारा. जुन्या मॉडेलचं मॅगझिन नंतर मिळत नाही आणि तेच सगळ्यात आधी दगा देतं.

क्रमांक तर बघायचाच. हत्यारावर कोरलेला क्रमांक आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा क्रमांक अंक न अंक जुळला पाहिजे. घासून पुन्हा कोरल्याची शंका आली तर व्यवहार तिथेच संपवा.

खासगी विक्रेत्याकडून थेट घेताना एक पायरी लोक गाळतात. कलम ५ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि ४५ दिवस उलटल्यावरच हत्यार द्यायचं. 'आपलेच आहेत, आज घेऊन जा, कागद सावकाश होतील' हे शब्द कानावर आले की समजा, अडकणार तुम्ही आहात.

पायरी ८: होल्स्टर आणि कपडे

हत्याराला लाख दीड लाख घालायचे आणि होल्स्टर तीनशे रुपयांचं, ही आपली सवय. बाळगण्याची सुरक्षा मात्र निम्मी होल्स्टरमध्ये असते.

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि तुमच्या ताब्यात हवं. लग्नात कोट बाजूला सारून दाखवणारे मामा आठवा; ते नियम मोडत असतात. हवेत बार काढला तर कलम २५(९) खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

होल्स्टरकडून हवं ते एवढंच. चाप पूर्ण झाकला जावा. उलटं धरून हलवलं तरी रिकामं हत्यार पडू नये. हत्यार काढल्यावर तोंड मिटू नये. ते त्याच मॉडेलसाठी बनवलेलं असावं. 'सगळ्याला बसतं' म्हणून विकलं जाणारं कशालाच नीट बसत नाही.

आता आपली हवा. मे महिन्यात ठाण्यात पँटच्या आतलं चामडं तासाभरात ओलं होतं. तो घाम मिठासकट हत्याराच्या पोलादावर जातो. रोज बाळगणार असाल तर कडक प्लास्टिकचं होल्स्टर, खाली बनियन, आणि वर एक माप मोठा, बाहेर सोडलेला गडद शर्ट. कुर्ता चांगला झाकतो पण वर करायला वेळ लागतो. पट्टा जाड आणि ताठ हवा, साधा ऑफिसचा पट्टा वजनाने मुरडतो.

दुचाकीवर पाठीमागच्या मणक्यावर कधीही नको. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत पडलात तर आधी तेच कण्याला लागेल. कारमध्ये सीटबेल्ट आणि होल्स्टर एकाच जागी येतात, तेव्हा बेल्ट लावून-काढून सराव करा. हत्यार ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवून पान खायला उतरणं म्हणजे ते चोराला देणं.

आणि शौचालय. पट्टा सैल झाला की होल्स्टर फिरतं आणि हत्यार फरशीवर पडतं, किंवा टाकीवर ठेवलेलं तिथेच विसरतं. होल्स्टरसकट उतरवून पँटच्या घडीत, नजरेसमोर. कठड्यावर नाही.

पायरी ९: नोंद आणि बाळगायला सुरुवात

खरेदीनंतर बिल घ्या, दुकानदाराकडून परवान्यावर क्रमांक चढवून घ्या आणि परवान्यात दिलेल्या मुदतीत हत्यार प्राधिकरणाला दाखवून नोंद पूर्ण करा. नोंद होईपर्यंत कमरेला लावू नका.

त्यानंतरही लगेच नाही. आधी रेंज. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. तिथले नियम आणि सदस्यत्वाची अट विचारून घ्या. ज्या काडतुसांसह बाळगणार त्याच काडतुसांनी हत्यार अडकतं का, हे रेंजवरच कळतं. अंतर पाच-सात मीटर पुरे. त्या अंतरावर कागदाच्या ताटाएवढ्या गोलात सगळ्या गोळ्या येत नसतील तर हत्यार अजून घरीच.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. एका बैठकीत वाचून होतो. त्यातलं कलम ३७ दोनदा वाचा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तिथे हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा तर कधीच नाही. पार्किंगच्या भांडणात हत्यार दाखवणाऱ्यांना हे कलम कोर्टात कळतं.

रोज बाहेर पडताना परवान्याची मूळ प्रत सोबत हवी. पोलिस मागू शकतात. महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबई पोलिस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्र बाळगण्यावर बंदी असते, सूट कोणाला हे आदेशात लिहिलेलं असतं. ठाण्याहून ऐरोली पुलावरून मुलुंडला गेलात तर अर्ध्या तासात तीन आयुक्तालयं ओलांडता. आदेश तिन्हींचे बघायला हवेत. मॉल, मेट्रो, न्यायालय, रुग्णालय यांच्या दारात अडवणाऱ्या सुरक्षारक्षकाशी वाद घालू नका. तिथे जायचं असेल त्या दिवशी हत्यार घरी तिजोरीत.

पायरी १०: घर, पावसाळा आणि निवडणूक

घरी हत्यार आणि काडतुसं कुलपात, चावी फक्त तुमच्याकडे. कपड्यांच्या कपाटाचं कुलूप कुलूप नव्हे. भिंतीला बोल्टने बसवलेली छोटी तिजोरी घ्या.

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या घरात दमट हवा पोलादाला सोडत नाही. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, पोलादावर गंज आणि पितळी काडतुसांवर हिरवा थर येतो. कोरड्या सुती कपड्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवा. तेल काडतुसांना लागू देऊ नका; बुडातून आत झिरपलं तर काडतूस पेटत नाही. बाळगत असाल तर पावसाळ्यात दर आठवड्याला पुसा. पुड्या ओल्या झाल्या की बदला.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी टाका, शेवटच्या आठवड्यात नाही. हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात लेखी तक्रार.

आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना हत्यार रिकामं करून द्या. पावतीवर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि मॅगझिन किती हे तिन्ही लिहून घ्या. निकालानंतर परत घेताना टेबलावरच पावतीशी ताडून बघा, सगळी घरं किंवा चेंबर तपासा, आणि घरी आणून नळी साफ करून तेल दिल्याशिवाय पुन्हा भरू नका.